सातवी वायर

तारामावशीचं खरं नाव काही तारा नव्हतं. घरोघरी जाऊन इंटरनेटच्या तारा जोडून देणं हा तिचा धंदा, म्हणून कुणीतरी थट्टेने तिला तारामावशी म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिचा नवरासुद्धा गिऱ्हाइकांना फोनवर "तारामावशी कामावर गेल्यात" असं सांगतो आणि गालातल्या गालात हसतो. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने चांगली आडवी, कमरेला हत्यारांचा पट्टा, पायात जाड तळव्याचे बूट. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सवड देत नाही. पण ही एक हकीकत मात्र ती चारचौघांत सांगत नाही. दिवा मंद केलेला असावा, ऐकणारं एखाद-दुसरंच माणूस असावं, बाहेर वारा पडलेला असावा, तेव्हा कधीतरी सांगते. सांगताना तिचा आवाज खाली खाली उतरत जातो. भीतीमुळे नाही, असं ती म्हणते. त्या घरात मोठ्याने बोलावंसं वाटत नाही, आणि त्या घराबद्दल बोलतानाही वाटत नाही, एवढंच.

काम अगदी साधं होतं. थंडीचे दिवस. सकाळी एका तरुण बाईचा फोन आला. घरात वायफाय नीट पोचत नाही म्हणून तिने मेशचे, म्हणजे वायफाय घरभर पसरवणारे, तीन पांढरे डबे आणले होते आणि ते खोक्यातच तीन आठवडे पडून होते. लावायची हिंमत होत नव्हती, कारण घरात वायरने जोडलेल्या वस्तूही होत्या. त्यांचं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. तारामावशीने दुपारी एकची वेळ दिली आणि एकच्या ठोक्याला ती दारात उभी राहिली.

घरात दोघीच राहत होत्या, सासू आणि सून. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनियर, सहा-सहा महिने समुद्रावर. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याचा फोन यायचा आणि त्या फोनवर घर चालायचं म्हटलं तरी चालेल. अडचण अशी होती की सून माडीवर बसून मोठ्या माणसांना परक्या भाषा शिकवायची, तिथेच तिचा संगणक आणि तिथेच ती फोन उचलायची. मग आईशी बोलायला द्यावं म्हणून फोन घेऊन ती जिना उतरायला लागली की अर्ध्या जिन्यात नवऱ्याचा चेहरा गोठायचा. मागच्या खोलीत सासूबाईंकडे पोचेपर्यंत फोन बंद. गुडघे धरलेल्या सासूबाई मग पावणेपाचलाच दिवाणखान्यात येऊन खुर्चीवर बसायच्या, आणि कधी कधी फोन यायचाच नाही.

"मला एवढंच हवंय," सून म्हणाली, "त्याचं बोलणं न तुटता आईंच्या खोलीपर्यंत जायला हवं."

तारामावशीला असली गिऱ्हाइकं फार आवडायची. नुसतं वेग हवा, वेग हवा म्हणणाऱ्यांपेक्षा काय हवं ते नेमकं ठाऊक असलेली. तिने तिथल्या तिथे सुनेला सगळं समजावलं. हे तीन डबे म्हणजे एकाच घरातली तीन माणसं समज. तू हातात फोन घेऊन चालायला लागलीस की फोन एकाचं बोट सोडतो आणि जवळच्या दुसऱ्याचं धरतो, लहान मूल करतं तसं. पण तुझा संगणक, तुझा प्रिंटर, खालचा टीव्ही, ही काही चालणारी मंडळी नव्हेत. एका जागी बसणाऱ्याला वायरच बरी. त्या वायरी काढायच्या नाहीत. फक्त त्या सगळ्या नव्या मुख्य डब्याच्या मागे आणायच्या. अर्ध्या जुन्या राउटरला आणि अर्ध्या नव्या डब्याला ठेवल्या की एका घरात दोन चुली मांडल्यासारखं होतं, मग तुझा संगणक इकडे, प्रिंटर तिकडे, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

सून हसली आणि तिने जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडलं. घरातल्या सगळ्या वायरी तिथे येत होत्या.

तारामावशी गुडघ्यांवर बसली आणि क्षणभर नुसती बघतच राहिली. तीस वर्षांत तिने वायरींचे किती गुंते पाहिले असतील त्याला गणती नाही, पण असं काम तिने पाहिलं नव्हतं. सात वायरी भिंतीतून बाहेर येऊन एका ओळीत खाली उतरल्या होत्या, वेणी घातल्यासारख्या, आणि दर वीतभर अंतरावर मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला पांढऱ्या चिकटपट्टीवर शाईने आकडा. एक ते सात. कपाटात जुन्या लाकडाचा वास होता आणि त्यात आणखी एक वास मिसळलेला होता. तारेला डाख देताना राळ जळते, तसा. गोडसर, किंचित कडू.

सासरे टेलिफोनच्या खात्यात होते, सून म्हणाली. जन्मभर तारा ओढल्या. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून घरातच भिंती फोडून वायरी घालत बसले. दोन वर्षांपूर्वी गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता.

तारामावशीने वायरी शोधल्या. एक नंबरची दिवाणखान्यात, टीव्हीमागे. दोन नंबरची जिन्याच्या वळणावर, तीन नंबरची सासूबाईंच्या खोलीत. चार आणि पाच माडीवर, सहा स्वयंपाकघरात, तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. सातवीचं दुसरं टोक मात्र सापडेना. सुनेलाही ठाऊक नव्हतं. "बाबांना विचारायचं राहून गेलं," ती म्हणाली.

सासूबाई मागच्या खोलीत खिडकीशी बसून विणत होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. डोळ्यांत मिस्कीलपणा. तारामावशीने त्यांना विचारलं.

"सात नंबर होय," आजी म्हणाल्या. "ती ह्यांची स्वतःची. कुठे जाते ते मला कधी सांगितलं नाही. विचारलं की नुसते हसायचे. तेवढी असू द्या हं, काढू नका."

काढायचं काही कारणही नव्हतं. तारामावशीने सगळ्या वायरी एकत्र जोडायचा आठ भोकांचा डबा, म्हणजे स्विच, आणला होता, त्यात तिने सातही वायरी ओळीने खोचल्या. स्विचची एक वायर नव्या मुख्य डब्याला दिली. तो डबा दिवाणखान्यात, दुसरा जिन्याच्या वळणावरच्या कोनाड्यात, तिसरा आजींच्या खोलीतल्या फळीवर. जुन्या राउटरचं वायफाय बंद करून टाकलं. उरलेले दोन्ही डबे तिने नुसत्या हवेवर न सोडता म्हाताऱ्याच्या वायरींवरच बसवले, म्हणजे जोर कमी होणार नाही. स्विचवर हिरवे दिवे लागत गेले. सहाव्या भोकाचा लागला नाही, ते बरोबरच होतं. सातव्याचा लागला. हिरवा नाही, नारिंगी. संथ लुकलुकत होता.

कुठेतरी काहीतरी जोडलेलं आहे म्हणजे, तारामावशी मनात म्हणाली. जुनं, हळू चालणारं काहीतरी. माळ्यावर असेल.

तीन वाजत आले होते. सुनेचा वर्ग होता साडेचारपर्यंत, ती कानांवर हेडफोन चढवून माडीवर गेली आणि दार लावून बसली. आजीही पडते जरा म्हणाल्या. बाहेर आभाळ भरून आलं होतं. पाऊस नव्हता, नुसता करडा उजेड, आणि तोही हळूहळू विझत चाललेला. घर शांत झालं. ती शांतता वाईट नव्हती. काम मनासारखं झालं होतं, चहा चांगला मिळाला होता, आणि एवढी एक सातवी वायर शोधली की घरी जायला ती मोकळी होती.

तिने आपल्या फोनवर डब्यांचं ॲप उघडून वायरने जोडलेल्या वस्तूंची यादी, कोण कुठल्या डब्याला आहे त्यासकट, बघितली. टीव्ही, वायरने जोडलेले. संगणक, वायरने जोडलेले. प्रिंटर, तेही वायरने. आणि चौथं नाव नसलेलं. 'अनोळखी. वायरने जोडलेले. दिवाणखाना.'

आता तारामावशीकडे एक यंत्र होतं, तिने त्याला पिपाणी असं नाव ठेवलं होतं. त्याचे दोन भाग. एक भाग वायरीच्या टोकाला लावायचा, तो वायरीत एक सूर सोडतो. दुसरा भाग काठीसारखा, तो हातात धरून भिंतीवरून फिरवायचा. वायर जिथून जात असेल तिथे काठी वाजते. टुरुंग, टुरुंग, टुरुंग, अशी दोन सुरांत. वायरीच्या जवळ गेलं की मोठा, लांब गेलं की बारीक. भिंतीआडची वायर सापडते ती अशी. तिने सातवी वायर स्विचमधून काढली, तिला पिपाणी लावली आणि काठी घेऊन दिवाणखान्यात आली.

भिंतीपाशी सूर बारीक होता. ती खिडकीच्या बाजूला सरकली, सूर वाढला. तिथे एक जुनी हातांची खुर्ची होती, पाठीवर कापड घातलेली. खुर्चीमागच्या भिंतीवर तिने काठी टेकवली. सूर कमी झाला. तिला वाटलं आपलाच हात चुकला. पुन्हा काठी पुढे आणली. सूर वाढला. खुर्चीच्या पाठीवर आणखी वाढला. खुर्चीच्या वर, रिकाम्या हवेत, बसलेल्या माणसाची छाती जिथे येईल तिथे, काठी हातात थरथरायला लागेल इतकी मोठ्याने वाजत होती.

वायर भिंतीत असते. हवेत नसते. तारामावशी तिथे काठी धरून तशीच उभी राहिली.

मग तिने हात जागचा हलवला नाही, तरी सूर हलला. आधी वर गेला, कुणी खुर्चीवरून उठावं तसा. मग तिच्या डाव्या अंगाने मागच्या बोळाकडे बारीक होत गेला… आणि थांबला. आणि दिवाणखान्यात राळेचा वास आला. जळत्या राळेचा, ताजा.

ती कपाटाकडे परत गेली. पळाली नाही, हे ती आवर्जून सांगते. पिपाणी काढून बंद केली, पेटीत टाकली. सातव्या वायरीचं टोक हाताने धरून बघितलं. मोकळं लोंबत होतं, कशालाच जोडलेलं नव्हतं. म्हणजे यादीत आता तीनच वस्तू हव्यात. तिने फोन पाहिला.

चार होत्या.

'अनोळखी. वायरने जोडलेले. मागची खोली.'

ॲप कधी कधी मागे राहतं, जुनं दाखवतं. तिने यादी खाली ओढून ताजी केली. 'दिवाणखाना.' पुन्हा ताजी केली. 'जिना.'

जिन्याचा डबा तिच्या डोक्यावर चार हातांवर होता. त्यात मागची एक वायर सोडली तर काही खोचलेलं नव्हतं, तिनेच लावला होता. वास आता इतका जवळ आला की कुणीतरी तिच्या खांद्यावरून वाकून कपाटात बघतंय असं वाटलं. तिने मान वळवली नाही. फोनवरच नजर ठेवली.

'दिवाणखाना.'

'मागची खोली.'

वास गेला. मग मिनिटभराने पुन्हा, 'दिवाणखाना', आणि 'जिना', आणि वास.

जे वायरने जोडलेलं आहे ते घरभर फिरत होतं. हातात फोन घेऊन एखादं माणूस फिरावं तसं, एका डब्याचं बोट सोडून दुसऱ्याचं धरत. मागच्या खोलीतून दिवाणखान्यात, तिथून जिन्यापाशी, तिच्याजवळ, आणि परत मागे.

पेटी उचलावी आणि चालू लागावं, असं तिच्या मनात आलं. पैसे उद्या मागता येतील, चुकलं तर चुकलं. पण तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या फेरीला मिनिट लागलं होतं, दुसरीला त्याहून कमी, आणि आता तर तिने यादी ताजी करेपर्यंत जागा बदललेली असायची. मागची खोली, दिवाणखाना, जिना. मागची खोली, दिवाणखाना, जिना. हे कुणी भटकत नव्हतं. कुणीतरी बोलवायला येत होतं, हाक ऐकू जात नाही म्हणून परत जात होतं, राहवत नाही म्हणून पुन्हा येत होतं.

तारामावशीने ओठ ओले केले.

"काय झालं…?" तिने अगदी हळू विचारलं.

स्विचवरचा सातव्या भोकातला नारिंगी दिवा लागला. भोक रिकामं होतं. दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. फोनवर जागा बदलली, 'मागची खोली', आणि यावेळी ती तिथेच राहिली.

तारामावशी उठली आणि बोळातून मागे गेली.

आजींच्या खोलीचं दार उघडं होतं. बिछाना रिकामा. पांघरूण एका बाजूला लोटलेलं, विणकाम खुर्चीवर. फळीवरच्या नव्या डब्याचा पांढरा दिवा शांतपणे जळत होता. आणि पाण्याचा आवाज येत होता. तो आवाज ती मघापासून ऐकत होती, पण शेजारच्यांचा नळ असेल म्हणून तिने तिकडे लक्षच दिलं नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात न्हाणीघराचं दार होतं. दाराखालून पाणी बाहेर येत होतं.

तिने दार ढकललं. दोन बोटं उघडलं आणि अडलं. फटीतून तिला एक पाय दिसला.

"आजी," ती म्हणाली. "आजी, मी आहे."

आतून उत्तर आलं नाही. नुसतं कण्हल्यासारखं काहीतरी आलं, पाण्याच्या आवाजात बुडालेलं. दार आत उघडणारं होतं आणि म्हातारी दारामागेच पडलेली होती, जोर लावावा तर तिलाच लागेल. फटीतून सडपातळ माणसाचा हातसुद्धा जाईना, मग तारामावशीची काय कथा. पण जुन्या घरांतले पेच आणि खिळे सोडवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. दार आत उघडत असलं तरी त्याच्या जुन्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. तिने पट्ट्यातला पेचकस काढला, हातोडीच्या दोन-दोन ठोक्यांत बिजागरीच्या खिळ्या वर काढल्या आणि अख्खं दार मिठीत घेऊन बाजूला उभं केलं.

आजी ओल्या फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. नळ वाहत होता, बादली भरून सांडत होती, ते बर्फासारखं पाणी त्यांच्या खालून चाललं होतं. ओठ निळे पडलेले. एक हात अंगाखाली विचित्र मुडपलेला. हाक मारायला आवाज उरला नव्हता. तारामावशीने नळ बंद केला, त्यांना लेकरासारखं उचललं आणि बिछान्यावर आणलं. तेव्हा आजींनी डोळे उघडले. पण त्यांनी तारामावशीकडे बघितलं नाही. तिच्या खांद्याच्या मागे, दाराकडे बघितलं.

"एक माणूस बोलवून आणायला एवढा वेळ…?" आजी पुटपुटल्या. रागाने नाही, नेहमीचं गाऱ्हाणं असावं तसं.

तारामावशीने मागे वळून पाहिलं नाही. "ते बोलवत होते… मलाच ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली, आणि मग जिन्याकडे तोंड करून तिने सुनेला अशी हाक मारली की हेडफोनमधूनही ती ऐकू गेली.

पुढचं सगळं भराभर झालं. सून धावत आली. कोरडे कपडे, तीन पांघरुणं, गरम पाण्याच्या पिशव्या. कोपऱ्यावरचे डॉक्टर दहा मिनिटांत आले. मनगटाचं हाड चिरलं होतं, बाकी सगळं ठीक होतं. पण ह्या वयात, ह्या थंडीत, अजून अर्धा-पाऊण तास त्या पाण्यात गेला असता तर आपण वेगळं बोलत असतो, असं ते म्हणाले. तुम्हाला कळलं कसं, असं त्यांनी तारामावशीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाण्याचा आवाज आला. ते काही सगळंच खोटं नव्हतं.

पाच वाजून दोन मिनिटांनी फोन आला. सुनेने तो माडीवर उचलला, कारण फोन तिथेच राहिला होता, आणि बोलत बोलत ती जिना उतरली. वळण आलं, दिवाणखाना आला, बोळ आला. नवऱ्याचा चेहरा एकदाही गोठला नाही. बिछान्याशी येऊन तिने फोन सासूबाईंच्या पुढ्यात धरला. हाताला पट्टी, गळ्यापर्यंत पांघरूण, आणि गालांवर पुन्हा रंग चढलेला, अशा अवस्थेत आजी मुलाला म्हणाल्या, जरा घसरले रे, काही नाही, आता तू दिसतोस तरी नीट. तो पोरगा तिकडे समुद्रावर रडत होता आणि इकडे आजी त्याची थट्टा करत होत्या. तारामावशी दारापाशी बिजागऱ्या बसवत होती. तीस वर्षांच्या धंद्यात आपल्या कामाचं एवढं समाधान आपल्याला कधी वाटलं नव्हतं, असं ती सांगते. तिने उगीचच दोन ठोके जास्त मारले.

जाण्याआधी मात्र तिने दोघींना यादी दाखवली. लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. अनोळखी, वायरने जोडलेले, मागची खोली. वायर तर अजून कपाटात मोकळीच लोंबत होती. इथे एक बटण आहे, ती म्हणाली, ते दाबलं की ज्याला नको असेल त्याला जाळ्याबाहेर करता येतं. दाबू का?

सुनेने यादीवरून नजर उचलली. तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"कशाला?" आजी म्हणाल्या. "ह्यांना घरभर फिरायची सवयच होती. फिरेनात का. कुणाच्या पोटात दुखतंय?"

मग सुनेने स्वतःच फोन घेतला, 'अनोळखी' पुसलं आणि तिथे 'बाबा' असं टंकलं. सातवी वायर तारामावशीने पुन्हा स्विचमध्ये खोचली. गरज नव्हती, पण लोंबती ठेवणं बरं दिसेना.

त्यानंतर वर्ष कसं गेलं कळलंही नाही. सून अधूनमधून फोन करायची, कधी प्रिंटर अडला म्हणून, कधी नुसतीच. हसत हसत सांगायची की बाबांचा दिनक्रम घड्याळासारखा आहे. सकाळी दिवाणखाना, म्हणजे खिडकीशी खुर्चीत. दुपारी आईंच्या खोलीत. पाच वाजता फोन आला की जिना, माझ्या मागोमाग, तिथून मी जाते तिकडे. रात्री सगळे झोपले की एक फेरी, तिन्ही डब्यांची, कड्या बघत असतील. पहिले पंधरा दिवस तिला भीती वाटली होती, मग वाटेनाशी झाली, आणि मग तर एखाद्या दिवशी ॲप उघडून बाबा कुठे आहेत ते बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. आजींचं मनगट जुळलं. त्यांनी तारामावशीला एक लोकरी गळपट्टा विणून पाठवला. मुलगा जहाजावरून परत आला, चार महिने घरी राहिला, त्यालाही दाखवलं. तो आधी हसला. मग एके संध्याकाळी खिडकीपाशी त्या खुर्चीसमोर बराच वेळ बसून राहिला, आणि उठला तेव्हा सुनेला वाटलं त्याचं मन हलकं झालंय. तारामावशी नवऱ्याला हे सगळं सांगायची आणि नवरा म्हणायचा, तुझ्या जोडण्या फारच पक्क्या असतात बुवा.

आज पुन्हा सुनेचा फोन आला. सकाळची वेळ, छान ऊन पडलेलं. सगळं क्षेमकुशल होतं. नवरा सहा महिन्यांसाठी परत गेला होता, काल त्याच्याशी बोलणं झालं होतं, तो मजेत होता. आजी ठणठणीत. सुनेला नवीन संगणक घ्यायचा होता, तो जुन्याच वायरीवर चालेल का, एवढं विचारायचं होतं. चालेल, तारामावशी म्हणाली. बोलणं संपलं. पण सुनेने फोन ठेवला नाही.

"मावशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला. "यादीत अजून एक आलंय."

"काय आलंय?"

"अनोळखी. वायरने जोडलेलं."

"नवीन काही घेतलंत? टीव्हीचा डबा, काही?"

"काहीच नाही…"

"कुठे दाखवतंय?"

"जिन्याच्या डब्याला. चार दिवस झाले. ते फिरत नाही, मावशी. तिथेच असतं."

तारामावशीने विचारलं, ओळखीत, नात्यात कुणी… म्हणजे सगळे बरे आहेत ना? सगळे बरे आहेत, सून म्हणाली. तिने सगळीकडे फोन करून विचारलं होतं.

"आणि बाबा?"

पलीकडे सुनेने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा चार दिवस आईंच्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. दिवाणखान्यात नाही, पाचच्या फोनला नाही, रात्रीची फेरी नाही." मग ती आणखी हळू म्हणाली, "आणि आई हल्ली अंधार पडायच्या आत मला माडीवरून खाली बोलावतात, आपल्याच खोलीत झोपवतात… आणि दाराला आतून कडी लावतात. म्हणतात, ह्यांनी सांगितलंय."

उद्या सकाळी उजेडातच येते, असं तारामावशीने तिला सांगितलं आहे.